इंगेलाबाईंचा फोन

श्रावणी सोमवार अरुणा लग्नाच्याही आधीपासून करत आली होती, या परदेशी बेटावर आल्यावरही. मौन मात्र त्या साली, दोन हजार पंधरात, पहिल्यांदाच धरलं. सकाळी डोळे उघडल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. महादेवाला तिने सांगून ठेवलं होतं, माझ्या वल्लरीचं स्वीडनचं तेवढं होऊ दे.

वल्लरी वीस वर्षांची. डिप्लोमा झाला तरी पोरीचं मैदान काही सुटेना. इथल्या सेंगकांग भागातल्या एका शाळेत लहान मुलींना फुटबॉल शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या खेळाचे व्हिडिओ जगभरच्या क्लबांना पाठवायची. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. आलं ते स्वीडनमधल्या जेमतेम सहा हजार वस्तीच्या गावातून. तिथल्या बायकांच्या संघात एक जागा होती. राहायचं गावातल्याच कुणाच्या तरी घरी, पगार बेताचा. पण खेळायचा पगार!

तिचे बाबा श्रीनिवास तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "एकतीस ऑगस्टपर्यंत काय ते ठरव. नाहीतर एक तारखेपासून पाया लेबारच्या ऑफिसात नोकरीला. मी शब्द टाकून ठेवलाय. आणि तिकडे खेळणार कधी तू? सहा महिने बर्फच उकरत बसशील."

"बर्फाला मशीन असतं लाह, बाबा." इथल्या पोरांसारखं वल्लरीच्या वाक्याला 'लाह' चिकटलेलंच असायचं.

"मग मशीन ढकलशील!"

शेवटी दोनच मुली उरल्या, वल्लरी आणि पोलंडची एक. संघाच्या प्रशिक्षक इंगेलाबाईंची एक रीत होती. आदल्या वर्षी परदेशातून आलेल्या एका मुलीला घरच्यांनी महिन्याभरात परत बोलावून घेतलं होतं. तेव्हापासून आईबापांच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय त्या मुलगी घेत नसत. सोमवारी, एकतीस तारखेला, त्या फोन करणार होत्या.

"बाबांचा नंबर पहिला दिलाय," वल्लरीने आदल्या दिवशी सांगितलं. "घरचा नुसता जोडीला. आणि त्या तिकडच्या दुपारी करतील, तोवर आपली संध्याकाळ होते. तू नको टेन्शन घेऊस."

सोमवारी दुपारी तीनला घरचा फोन वाजला. श्रीनिवासांचा मोबाइल यार्डाच्या लॉकरमध्ये होता. वल्लरी मैदानावर. अरुणाने सवयीने रिसीव्हर उचलला आणि उचलल्यावर तिला दिवस आठवला.

"मी इंगेला. वल्लरीच्या आई का?" इंग्रजी सावकाश, समजेल असं. "मुलीला आमच्याकडे पाठवायला तुमची तयारी आहे ना? नुसतं हो म्हणा."

अरुणाचे ओठ उघडले. हो, एवढंच तर होतं. पण हे मौन याच कामासाठी धरलेलं. काम दारात आलेलं असताना तेच मोडायचं? देव ऐनवेळी परीक्षा पाहत असेल तर? मोडलं आणि त्या पायी पोरीचं तिकडे काही वाईट झालं तर? तिने बांगडी रिसीव्हरवर वाजवली. एकदा, दोनदा.

"तुमचा श्वास ऐकू येतोय मला," इंगेलाबाई म्हणाल्या. "नाही म्हणणं जड जातं, मी समजू शकते. मुलीवर रागावू नका." फोन ठेवला गेला.

अरुणाने चिठ्ठी खरडली, फोनवर उमटलेला नंबर खाली लिहिला आणि शेजारच्या मीनलचं दार बडवलं. चिठ्ठी वाचून मीनल ओरडलीच, "अगं वेडे, बोलायचं ना!" तिने लगेच नंबर लावला. लागला तेव्हा दहा मिनिटं उलटली होती. पोलंडच्या मुलीला शब्द देऊन झाला होता. इंगेलाबाईंनी दोनदा माफी मागितली, पण दिलेला शब्द फिरवायला त्या तयार नव्हत्या.

पाचला वल्लरी आली. मीनलनेच तिला सगळं सांगितलं. वल्लरीने खांद्यावरची बॅगही उतरवली नाही.

"आई, कोण बोलतंय ते तुला कळलं होतं?"

अरुणाने होकारार्थी मान हलवली. खोटं कसं सांगणार?

दिवा लागला. अरुणाचा आवाज घोगरा निघाला, "तुझ्यासाठीच धरलं होतं गं."

"मग उचलायचाच नाही ना फोन! वाजू द्यायचा. तिने संध्याकाळी परत केला असता."

हे अरुणाच्या मनातही आलं नव्हतं. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. श्रीनिवास आले, तेही खालच्या मानेने. मोबाइलवर इंगेलाबाईंचे दोन मिस्ड कॉल होते. पाया लेबारचं नाव त्या रात्री त्यांनी काढलं नाही. ते वल्लरीनेच काढलं. "किती वाजता जायचंय उद्या?"

सकाळी ती इस्त्रीचा शर्ट घालून निघाली. अरुणा डबा घेऊन दारापर्यंत गेली.

"नको आई, ऑफिसखालीच हॉकर सेंटर आहे, तिथल्याच स्टॉलवर जेवेन."

"रागावलीस?"

"नाही."

ती खरंच रागावली नव्हती. आदळआपट केली असती, दोन शब्द तोडून बोलली असती, तर अरुणाला रडता तरी आलं असतं. लिफ्ट आली, दार मिटलं, खाली गेली. डबा हातात घेऊन अरुणा तिथेच उभी राहिली. आत पूजा व्हायची होती, फुलं काढून ठेवलेली होती. आणि आत जायचं तिच्या अगदी जिवावर आलं.