सुपारीएवढा चेहरा

“मोठा कर, दादा. अजून मोठा!” भाग्यश्री भावाच्या खुर्चीमागून ओरडत होती.

प्रेमानंदने माऊसचे चाक फिरवले. पडद्यावर आईचा चेहरा फुगला आणि फुटला. डोळ्यांच्या जागी नुसते तपकिरी चौकोन उरले.

त्यांची आई विठाबाई काल सकाळी घराबाहेर पडली ती परतलीच नव्हती. वर्षभरापासून तिला पोटची पोरंही ओळखू येत नव्हती. दोघा भावंडांनी धाराशिवचे स्टँड, स्टेशन, दवाखाना सगळे पालथे घातले, पोलिसांत नोंद केली. आता उरला होता फोटो, आणि फोटो म्हणजे तर प्रेमानंदचा धंदाच.

वीसेक वर्षे तो फ्लेक्स छापत होता. ज्यांना शोधायची कुणालाच गरज नव्हती असे चेहरे त्याने चौकाचौकात दहा-दहा फुटांचे करून टांगले होते, आणि सख्ख्या आईचा एक धड फोटो त्याच्याकडे नव्हता. भाचीच्या बारशातला हा एवढा एक, व्हॉट्सॲपवर आलेला. सगळे पुढे, आई पार मागे. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण बाहेर ऊन चढत होते आणि लाजत बसायला वेळ नव्हता.

“तुझी मशीन लई भारी म्हणतूस की! चौदाशे का काय ते डीपीआय!”

“मशीन शाईचे ठिपके बारीक मारती, भाग्या. फोटोत जे न्हायच, ते ती कुठनं आणंल?”

“मंग कॉम्प्युटरकडनं साफ करून घे. परवा त्या पुढाऱ्याचा केलतास न्हवं?”

त्याने तेही केले. क्षणात चेहरा लखलखीत झाला. गुळगुळीत गाल, ठसठशीत डोळे. कुणाची तरी आई होती ती. भाग्यश्रीने एकदा पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

“पूस ते,” ती म्हणाली. मग सावरून, “फ्लेक्सच लाव. स्टँडसमोर. लांबून तरी दिसंल.”

“लांबून बाई दिसंल. आई न्हाय दिसायची.”

“असं? पुढाऱ्यांची थोबाडं हत्तीएवढी, अन् आई एवढीशी?”

हे त्याच्या जिव्हारी लागले. तो चित्र लहान करत गेला. विखुरलेले चौकोन हळूहळू एकमेकांत मिसळले, आणि चेहरा सुपारीएवढा झाला तेव्हा आईच्या कपाळावरचे हिरवे गोंदण दिसले. डोळेही तिचेच होते.

“ह्येच,” भाग्यश्री पुटपुटली.

छोट्या फोटो-प्रिंटरवर, चकचकीत कागदावर, सगळ्यात सावकाश छपाईवर लावून त्याने फोटो आणि खाली आपला फोन नंबर असलेल्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या काढल्या. बारीक ठिपक्यांचा उपयोग इथे होता. एकेक कागद बाहेर यायला लागणारा वेळ दोघांनाही सोसवेना. ओल्या शाईच्याच चिठ्ठ्या त्यांनी बेंबळी, लोहारा, सास्तूरच्या गाड्यांतल्या कंडक्टरांच्या हातांत कोंबल्या.

दुपारी फोन वाजला. बेंबळीच्या स्टँडवर चहाचे हॉटेल चालवणारी शिवगंगा बोलत होती. “कंडक्टरनं कागद दिलता. हितं बसल्याल्या म्हातारीच्या तोंडापशी धरून बघितला. गोंदण जुळतंय. बिगीबिगी या.”

दोघे मोटारसायकलवरून बेंबळीला पोचले.

आई हॉटेलच्या बाकड्यावर बसली होती. सुखरूप. हातात ती चिठ्ठी. प्रेमानंद तिच्यासमोर मटकन खाली बसला. त्याला रडूच फुटले.

“आई!”

तिने त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावे तसे आदबीने पाहिले. “रडू नगा, बाबा. च्या घ्या.” मग चिठ्ठी पुढे केली. “ही बाई कुणाची हाय, बघा की. घरची लोकं येडी झाली असतील. माझं ऱ्हाऊ द्या, हिला हुडका आधी.”

भाग्यश्रीने तोंड फिरवले.

“व्हय,” प्रेमानंद म्हणाला. “हुडकतो.”

आईचे समाधान झाले. तिने चिठ्ठीची नीट घडी घातली, त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली, आणि पाहुणीला द्यावी तशी भाग्यश्रीला बाकड्यावर सरकून जागा करून दिली.