वाजवून दाखवा

एथेलबर्ट जोअकिमला बेटांचे नकाशे कधी लक्षात राहिले नाहीत. लक्षात राहिले ते विमानतळांचे स्वभाव. अमुक बेटावर लॅपटॉप पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवायचा, शेजारच्या बेटावर तोच काढला की तिथली मुलगी म्हणणार, "काढायला कुणी सांगितलं, अंकल? ठेवा आत." एका ठिकाणी फोनची जादा बॅटरी हातातल्या सामानात नसेल तर ओरडा, दुसऱ्या ठिकाणी ती हातातल्या सामानात का, म्हणून ओरडा. बूट कुठे काढायचे आणि कुठे काढले की मागची रांग हसते, हेही त्याला तोंडपाठ होतं.

धंदाच तसा होता. तो त्रिनिदादमधल्या अरिमाचा पॅन-ट्यूनर. तेलाच्या पिंपाचं तोंड ठोकून खोलगट करायचं, त्यात एकेक सूर बसवायचा आणि पॅन नावाचं वाद्य तयार करायचं, हे त्याचं काम. छोट्या बेटांवर कार्निव्हल जवळ आला की तिथले बँड त्याला बोलावत. हातोड्या सामानाबरोबर विमानाच्या पोटात जायच्या. सूर मोजायचं लुकलुकणारं यंत्र खांद्यावर असायचं. ते काही विमानतळांवर चालू करून दाखवावं लागे आणि काही ठिकाणी चालू दिसलं की लोक दोन पावलं मागे सरत. गोल पेटीत असायचं त्याचं नमुन्याचं पॅन. बँडची बाकीची सगळी पॅनं तो ह्याच्याशी ताडून बघायचा, म्हणून ते मांडीवरून न्यायचं. एक दणका बसला तरी सूर हलतो.

आणि आपला सूर हललाय हे एथेलबर्टनं जन्मात कधी कबूल केलं नव्हतं. एका बँडच्या कप्तानानं तसं नुसतं सुचवलं होतं. त्या कप्तानाच्या लग्नाला हा गेला नाही.

तर असलं हे पॅन एका छोट्या बेटावर पहिल्यांदा अडवलं गेलं. बेटाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. तेव्हा विमानतळ म्हणजे पत्र्याची शेड, एक पंखा, आणि धावपट्टीवर शेळ्या आल्या की घंटा वाजवणारा एक म्हातारा. तपासणीच्या टेबलामागे कडक इस्त्रीच्या गणवेशात मिस व्हर्निस ऑलिव्हियेर उभी होती.

"ह्यात काय आहे?"

"पॅन."

"कशावरून?"

"दिसतंय की."

"मला पिंप दिसतंय, मिस्टर. पिंपात काहीही असू शकतं. वाजवून दाखवा."

एथेलबर्टनं चिडून सगळे सूर खालून वर आणि वरून खाली वाजवले.

"ही शिडी झाली," ती म्हणाली. "शिडीवर कुणी नाचतं का? गाणं वाजवा."

त्यानं बेटांवरच्या नाचगाण्यांपैकी एक जुनी कॅलिप्सो वाजवली. मागच्या रांगेतल्या जायफळवाल्या बायकांनी खांदे हलवले. मिस व्हर्निसनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पेटीवर खडूनं तपासल्याची फुली मारली आणि खिशातली चिंचेची गोळी त्याच्या हातावर ठेवली. "विमान वर जाताना चोखा. कान दुखत नाहीत."

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. एथेलबर्ट घरी येऊन शेजाऱ्यांना सांगायचा, "वाद्य वाजवून दाखवायचा नियम अख्ख्या कॅरिबियनमध्ये कुठे नाही. त्या एका बाईचा छळ आहे हा." त्याची बायको ब्रुकलिनला बहिणीकडे म्हणून गेली ती तिकडचीच झाली होती, त्यामुळे गाऱ्हाणं ऐकायला शेजारीच होते. शेजाऱ्यांनी मात्र आपला हिशेब मांडला होता. छळाला जायच्या आधी माणूस केस कापून घेत नाही. छळासाठी कुणी अंगणात बसून एकच नवी चाल पुन्हा पुन्हा घोटत नाही. आणि एकदा चक्रीवादळामुळे ते बेट वगळून दुसरीकडून परतावं लागलं, तेव्हा छळ वाचला म्हणून आनंदानं उड्या मारायच्या तर हा आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

मिस व्हर्निस तरी काही कमी नव्हती. एका वर्षी म्हणाली, "गेल्या वेळी ह्यापेक्षा बरं वाजवलं होतंत. मला संशय येतोय." एका वर्षी तिच्या हाताला दुखवट्याची काळी फीत होती. तिनं काही मागितलं नाही, त्यानं काही विचारलं नाही. चर्चमधलं एक गीत अगदी हळू वाजवलं. त्या वेळी गोळी द्यायची राहिली.

मग शेड गेली, काचेची इमारत आली. शेळ्यांना कुंपण पडलं. घंटावाल्या म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवर लागला.

ह्या वर्षी कार्निव्हल आटोपून एथेलबर्ट परतीला निघाला तेव्हा तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "अंकल, आज मिस व्हर्निस निवृत्त होतायत. मागे केक कापतायत. तुम्हाला नाही बोलावलं?"

"मला कशाला बोलावतील?" तो म्हणाला, आणि बोर्डिंग पास घ्यायचाच विसरला. मुलीला मागून हाक मारावी लागली.

तपासणीला नवं यंत्र होतं आणि यंत्रामागे शनेल नावाची नवी मुलगी. लॅपटॉप आतच ठेवा म्हणाली. बूटही नको. गोल पेटी पट्ट्यावरून आत गेली आणि बाहेर आली.

"झालं अंकल, जा."

एथेलबर्ट हलला नाही. "वाजवून दाखवायचंय ना?"

"काय?"

"पॅन. नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला मला माहीत नाही. पाळलेला माहीत आहे."

"अंकल, यंत्रात सगळं दिसतं. पॅनच आहे ते."

"यंत्राला पिंप दिसलं असेल. पिंपात काहीही असू शकतं."

मागचा माणूस म्हणाला, "अहो, सोडतायत तर जा की. माझा तर कंगवासुद्धा काढून घेतला."

त्रिनिदादच्या विमानाची सूचना झाली. आता पुढे गेलं तर काचेच्या पलीकडून मागे येता येत नाही, हे एथेलबर्टइतकं कुणाला माहीत होतं? आयुष्यभर नियमांना शिव्या घातलेल्या माणसानं पेटी परत पट्ट्यावर ठेवली.

"मला तक्रार करायची आहे. माझी तपासणी नीट झाली नाही. तुमच्या वरिष्ठांना बोलवा."

शनेलनं कपाळाला हात लावला आणि मागचं दार उघडून आत हाक मारली.

मिस व्हर्निस बाहेर आली. गणवेश तसाच कडक, फक्त ओठाच्या कडेला केकची साखर.

"काय तक्रार आहे?"

"मिस, हे म्हणतायत मला वाजवून दाखवायचंय," शनेल म्हणाली. "असा नियम आहे का आपल्याकडे?"

मिस व्हर्निसनं एथेलबर्टकडे बघितलं. त्याचे केस ताजे कापलेले होते.

"आहे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आहे. वाजवा, मिस्टर जोअकिम."

नवी चाल तयार होती, पण हातात आली ती शेडमधली पहिलीच कॅलिप्सो. आता जायफळवाल्या बायका नव्हत्या. लोक घड्याळं बघत होते. कंगवावाल्यानं तेवढा बुटानं ताल धरला. शेवटचा सूर विरला तेव्हा शेवटची सूचना चालू होती.

मिस व्हर्निसनं मान तिरकी केली. "वरून तिसरा सूर. उतरलाय."

तिसरा सूर आरशासारखा स्वच्छ होता. लहान मुलालाही कळलं असतं. एथेलबर्टच्या कानाच्या पाळ्या तापल्या, तोंड उघडलं, आणि ह्याच अपमानापायी हुकलेलं त्या कप्तानाचं लग्न त्याला आठवलं.

"हो," तो म्हणाला. "उतरलाय खरा."

"असं संशयास्पद वाद्य विमानात नेता येणार नाही. मी ठेवून घेते."

"मिस, आपण वाद्यं ठेवून घेतो?" शनेलनं विचारलं.

"तू केक खाऊन ये."

नमुन्याच्या पॅनशिवाय एथेलबर्टचा धंदा बंद, हे तिलाही ठाऊक होतं. "पुढच्या महिन्यात मला अँटिग्वाला जायचंय," तो म्हणाला.

"मग त्याआधी येऊन न्या. इथे नाही, इथे मी नसणार. चर्चच्या मागची पिवळी गल्ली, जांभळ्या दाराचं घर. हातोडी घेऊन या, सूर बसवावा लागेल."

"वेळ लागेल," तो म्हणाला. "उतरलेला सूर एका दिवसात बसत नाही."

"मला कुठे जायचंय?"

तिनं खिसा चाचपला, गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो पेटीशिवाय विमानाकडे पळाला. त्या प्रवासात त्याच्या मांडीवर काही नव्हतं, तरी दोन्ही हात त्यानं अरिमा येईपर्यंत मांडीवर तसेच गोल धरून ठेवले होते.