गाडी लागते

देणे आहे : चार वर्षांची पांढरी कार. एकहाती वापर. मागचं बघायला कॅमेरा.
घेणे आहे : मोठी गाडी. जुनी चालेल. मधली सीट सलग पाहिजे. सलग म्हणजे सलग.

लातूरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दयानंदने ही जाहिरात दिसेल त्या ग्रुपवर टाकली, आणि बायकोला, शिल्पाला, ती तिथंच वाचायला मिळाली.

"लोक म्हणतील, सरांनी काळीपिवळी सुरू केली. चला औसा, औसा, औसा!"

"म्हणू दे."

"अहो, पण कारण?"

कारण तीन शब्दांचं होतं.

*

मला गाडी लागते.

वाक्य दयानंदच्या आईचं, सिंधुबाईंचं. कुठं निघायचं म्हटलं की दयानंद, शिल्पा, दोन पोरं आणि शेजारच्या गल्लीतली बहीण वर्षाराणी. कारमध्ये जागा पाच. सहाव्या सिंधुबाई दारातच पदर तोंडाला लावायच्या. "तुम्ही जा बाबा. मला गाडी लागते. नुस्ता वास आला तरी पोटात ढवळतंय."

उलटी होणाऱ्या माणसाला कोण आग्रह करतं?

अशी तीन वर्षं गेली. हदगावला त्यांची थोरली बहीण प्रेमला एकटी खाटेवर बसून फोनवर विचारायची, "सिंधे, खरंच गाडी लागते, का माझा राग हाय?" आता प्रेमलाच्या नातवाचं लग्न आलं होतं. ती म्हणाली होती, "या बारीला न्हाई आलीस तर पुन्हा फोन करू नको."

*

मग तो व्हिडिओ.

भजनी मंडळाच्या बायकांनी धर्माबादहून परत येताना काढलेला. एसटीची अगदी मागची सीट, चाकामागची, जिथं धडधाकट माणसाचंही आतडं हलतं. मधोमध सिंधुबाई. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात मिरचीभजं. खड्डा आला की हसतायत.

शिल्पाने हसत हसत फोन पुढं केला. दयानंदने तो दोनदा बघितला आणि हसला नाही.

*

उदगीर. जुन्या गाड्यांचा व्यापारी गुरुबसप्पा.

"बन्री सर, बन्री! या, बसा. म्हातारी देऊन तरणी घेणारे रोज येतात. तुम्ही उलटा सौदा करून राहिले?"

"आठ सीटची आहे ना?"

"आठ कागदावर." गुरुबसप्पाने बॉनेट उघडलं. "हे इंजिन बघा. आवाज ऐका. मस्त पहिलवान हाय."

दयानंद इंजिनाकडे गेलाच नाही. मागचं दार उघडून मधल्या सीटवर बसला. या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत बूड घासत सरकला. पुन्हा इकडं आला.

"सर, काय बघून राहिले?"

"सरकता येतं का, ते."

गुरुबसप्पाने बॉनेट लावलं. असलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

*

इथं थोडं मागं जावं लागेल. कॅमेरा नाही, पण दिसतं.

हदगाव ते तामसा. दयानंदचे वडील किशनराव जीप चालवायचे. अर्धं अंग बाहेर, एक पाय हवेत. रस्त्यात कुणी हात केला की जीप थांबणारच. आत दाटी, कापसाचं गाठोडं, कुणाची कोंबडी, कुणाचं तान्हं. किशनराव मान न वळवता एकच शब्द बोलायचे :

"सरका."

आणि माणसं सरकायची. कुठं सरकायची, हे त्या गणिताच्या मास्तराला आजही सुटलेलं नाही. "गाडी भरत नसती रे," ते म्हणायचे, "माणसं ऐसपैस बसतात म्हणून भरल्यासारखी वाटती." सिंधुबाई त्यांच्या मागच्याच फळीवर, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. तिला कधी काही लागल्याचं त्याला आठवत नव्हतं.

नव्या कारमध्ये प्रत्येकाला आपापल्या सीटचा खड्डा होता. तिथं सरका म्हणायची सोयच नव्हती.

*

लग्नाच्या आदल्या सकाळी आठ सीटची गाडी दारात उभी राहिली. माणसं सहा. सिंधुबाईंनी पदर तोंडाकडे नेला, आतल्या रिकाम्या जागा मोजल्या आणि पदर खाली सोडला. चढल्या.

लोह्याला सगळ्यांनी भजी खाल्ली. सिंधुबाईंनी दोन प्लेट. शिल्पाने नवऱ्याकडे बघितलं. "कळलं मला कारण," ती म्हणाली.

नांदेडच्या बसस्टँडजवळ मामेभाऊ बालाजी उभा. शेजारी बायको. शेजारी काठी टेकून सासरे.

"दयाभाऊ! बरं झालं बाबा. बस काय भेटून नाही राहिली. जागा हाय का?"

सहा आणि तीन. नऊ.

दयानंद उत्तर द्यायच्या आत मागून दाराची कडी वाजली. सिंधुबाईंचा एक पाय खाली आला होता.

"त्यांना बसव रे. पाव्हणे हायत. मी यष्टीनं येते मागून. यष्टी नाही भेटली तर लातूरला जाते परत. प्रेमलाला सांग, तसंबी मला गाडी लागते."



दयानंद उतरला आणि दारापाशी येऊन उभा राहिला.

"हाव माय," तो म्हणाला. "तुला गाडी लागते. म्हणून तर घेतली."

सिंधुबाईंनी कडीवरचा हात काढला. मग पाय वर घेतला. नाक पुसलं. बालाजीच्या सासऱ्यांना दोन पावलं मागं जाताना बघितलं आणि ओरडल्या, "अहो पाव्हणे, कुठं चालले?"

मग मान न वळवता, आत बसलेल्या सगळ्यांना :

"सरका."

पहिली शिल्पा सरकली. मग वर्षाराणी. धाकटं पोर सिंधुबाईंच्या मांडीवर गेलं, पिशवी पायाखाली, काठी आडवी. बालाजीने बाहेरून दार ढकललं आणि पुढच्या दाराकडे पळाला.

"लागलं का नीट?" दयानंदने विचारलं.

"न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनी दार उघडून पुन्हा आपटलं. "हां. आता लागलं."