चाळीसावं रोप

“काका, हे असंच ठेवायचं ना खड्ड्यात?”

हिरव्या टी-शर्टातल्या एका साहेबांनी विचारलं. रोपाची काळी प्लास्टिकची पिशवी त्यांनी दोन बोटांत अशी धरली होती, जणू मेलेला उंदीर शेपटीने धरून बाहेर टाकायला निघालेत.

“ठेवा की साहेब,” माळीकाका म्हणाले. “ठेवा आणि वरून माती लोटा. बाकी मी बघतो.”

हे ‘बाकी मी बघतो’ माळीकाका गेली पाच वर्षं म्हणत होते. दर वर्षी एका शनिवारी ही कंपनी शाळेत यायची. पाठीवर ‘हिरवी धरती, हसरी मुलं’ छापलेले टी-शर्ट, भोंगा, फोटोवाला, चाळीस माणसं, चाळीस मुलं आणि चाळीस रोपं. प्रत्येक रोपापाशी लावणाऱ्याच्या नावाची पाटी. आणि चाळीसच्या चाळीस रोपं पिशवीसकट मातीत. पिशवीत मुळं कोंडतात, आतल्या आत फिरत राहतात आणि ऊन तापलं की झाड मान टाकतं, हे सांगायचा प्रयत्न काकांनी पहिल्या वर्षी केला होता. “पिशवी काढली की माती सांडते हो, फोटोत बरं दिसत नाही,” असं उत्तर मिळालं. शिवाय मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लांबूनच डोळे वटारले. शाळेतले सगळे नवे बाक कंपनीने दिलेले होते ना! तेव्हापासून काकांनी तोंडाला कुलूप लावलं. सगळे गेले की ते एकटेच बसायचे, चाळीस रोपं उकरून काढायचे, पिशव्या फाडायचे आणि पुन्हा लावायचे. कंपनी छापायची, ‘आमचं एकही झाड दगावलं नाही.’ दगावेल कसं?

या वर्षी मात्र काकांचं लक्ष रोपांत नव्हतं. त्या चाळीस टी-शर्टांत एक त्यांच्या मुलीचा होता.

तिला कंपनीत लागून चार महिने झाले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीजवळच ती मैत्रिणींबरोबर राहायची. गुरुवारी तिचा फोन आला होता.

“बाबा, शनिवारी आमचे लोक तुमच्याच शाळेत येतायत. मीपण आहे.”

“अगं वा! ये की!” काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “मोठ्या बाईंना सांगतो, आपली पोरगी...”

“नको. बाबा, ऐका ना.” ती अडखळली. “ऑफिसात मी सांगितलंय, वडील शाळेत आहेत म्हणून. त्यांना वाटलं, शिक्षक आहेत. मग मी... मी काही बोललेच नाही. आता एकदम सगळ्यांसमोर...”

काकांनी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. “मी तर माझ्या कामात असतो गं. मान वर करायला फुरसत नसते त्या दिवशी. तू बिनधास्त ये.”

बायकोला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. तिने हौसेने त्यांचा ठेवणीतला शर्ट इस्त्री करून दिला होता. तो घालून ते आता पाण्याचा पाइप धरून उभे होते आणि मान वर न करता सगळं बघत होते.

ही पोरगी याच शाळेत शिकली. मधल्या सुट्टीत मागच्या वाफ्यांत त्यांच्याशेजारी बसायची. सहा वर्षांची असताना तिला पिशवी काढता यायची. बुडाशी ब्लेडने चीर द्यायची, पिशवी हलकेच सोलायची, मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही. “अंगातले कपडे काढल्याशिवाय कुणी आंघोळ करतं का?” काका विचारायचे आणि ती खिदळत म्हणायची, “झाडपण नाही करत!” मोठमोठ्या माणसांना जमायचं नाही इतक्या अलगद हाताने काम करायची. काकांना तिचं भारी कौतुक.

कुंपणाजवळच्या शेवटच्या खड्ड्याशी ती गुडघ्यांवर बसली. पेरूचं रोप होतं. बरोबर तिसरीतली एक दोन वेण्यांची मुलगी होती आणि मागे तिचे साहेब उभे होते. नेमका तेव्हाच फोटोवाला मध्ये आला. त्याच्या त्या रुंद पाठीआड तिचे हात दिसेनात. काकांनी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या. तो हलला तेव्हा रोप खड्ड्यात गेलंही होतं, आणि ती दोन्ही मुठींनी बुंध्याभोवतीची माती दाबत होती. आधी समोरून, मग बाजूंनी, मग शेवटी एक चापटी. हुबेहूब काकांसारखी. काकांना एकदम हसूच आलं.

कार्यक्रम संपला. हात धुवायला सगळे पाइपाशी आले. ती साहेबांबरोबर आली. काकांनी नजर तिच्या हातांवरच ठेवली. नखांत माती गेली होती.

“काका, जरा पाणी घाला ना,” ती म्हणाली.

“घ्या ताई,” ते म्हणाले आणि पाइपाची धार बेताची केली. तिने हात धुतले. काका पाणी घालत राहिले, जरा जास्तच वेळ. साहेब म्हणाले, “पुरे काका, पाणी वाचवा, तेच तर शिकवायला आलोय आपण!” सगळे हसले. तीही हसली. मग बस सुटली.

सांगायलाच हवं, त्यांना फार लागलं होतं. ठरलेलं असूनही लागलं. पोटच्या पोरीने काका म्हटल्यावर आधी ठरवून काही होत नाही. पण खुरपं घेऊन ते कामाला बसले आणि गुडघे कुरकुरत असताना एकेक पिशवी फाडत गेले. एकोणचाळीस झाली. शेवटच्या पेरूपाशी ते थांबले. तिच्या नावाची पाटी त्यांनी बाहीने पुसली.

“हिचं काय बघायचं?” ते स्वतःशीच म्हणाले आणि खुरपं धुऊन टाकलं.

घरी बायको दारातच उभी. “भेटली? हाक मारली की नाही तुम्हाला?”

“मारली की.”

“काय म्हणाली?”

“पाणी मागितलं. तहान लागली असेल.” मग ते शर्टाची बटणं काढत म्हणाले, “तुला सांगतो, पोरीचा हात अजून तस्सा आहे. माती दाबताना बघितलं मी. विसरलेली नाही ती.” तेवढ्यावर त्यांना छान झोप लागली.

दोन महिने गेले. ऊन वाढलं. एकोणचाळीस रोपांना नवी पालवी फुटली आणि चाळीसावं पिवळं पडायला लागलं. काकांनी खत घातलं. दोन वेळा पाणी दिलं. जुन्या पोत्याचं छप्पर करून सावली केली. शाळेतला शिपाई म्हणाला, “काढून बघा की मुळाशी, कीड लागली असेल.” काका त्याच्यावर खेकसले, “गप रे! हात लावायचा नाही त्याला!” उकरून बघायचं म्हणजे शंका घ्यायची. तेवढं त्यांच्याच्याने होईना.

एके दिवशी पानं गळाली. तेव्हा ती दोन वेण्यांची मुलगी येऊन उकिडवी बसली.

“माळीकाका, हे मेलं?”

“आजारी आहे.”

“मी सांगितलं होतं त्या ताईला,” मुलगी म्हणाली. “म्हटलं, पिशवी काढायची असते, आमचे माळीकाका काढतात. तिचे साहेब तिला म्हणाले, अरे वा, तुला येतं का गं हे? तर ती ताई म्हणाली, छे, मला कुठलं येतंय असलं काम!”

“जा, घंटा होईल,” एवढंच त्यांना सुचलं.

मुलगी गेल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी माती बाजूला केली. पिशवी होती. अख्खी, धडधाकट. चीर सोडा, साधा ओरखडा नव्हता. आत मुळं एकमेकांत गुंतून काळी पडली होती. चाळीसांतलं हे एकच रोप त्यांनी तपासलं नव्हतं. अनोळखी लोकांची एकोणचाळीस जगवली आणि घरचं हे एक त्यांच्या भरवशाने मारलं. राग कुणाचा करायचा? तिचा करायला गेले तर तिची मातीने भरलेली नखं आठवायची. ते तिथेच बसून रडले. पिशवी मांडीवर होती.

खिशातला फोन वाजला. पहिल्या पगारातून तिनेच घेऊन दिलेला.

“बाबा, कसे आहात? अहो, ऑफिसात सगळ्यांना आपापल्या झाडाचा फोटो द्यायचाय, पाटीसकट. उद्या लावणार आहेत भिंतीवर.” मग तिचा आवाज बारीक झाला. “माझं झाड... आहे ना?”

काकांना कळलं, तिला ठाऊक होतं. दोन महिने ती हे विचारायला घाबरत होती.

“आहे की,” ते म्हणाले. “झकास आहे. सगळ्यांत तुझंच उंच झालंय.”

“खरंच, बाबा?”

“खरंच म्हणजे? तू लावलेलं ना ते?”

पलीकडून “बाबा,” एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

मागच्या वाफ्यांत काकांनी स्वतः बी रुजवून पिशवीत वाढवलेलं एक पेरूचं रोप होतं. ते त्यांनी आणलं, बुडाशी चीर दिली, पिशवी सोलली. गड्डा न फोडता खड्ड्यात बसवला. माती दाबली, समोरून, बाजूंनी, शेवटी एक चापटी. तिच्या नावाची पाटी बुंध्याशी सरळ रोवली.

मग शर्टाला हात पुसून त्यांनी फोन काढला. ऊन पाठीमागून येत होतं. पाटीवर त्यांची सावली पडत होती, टोपीसकट. काका दोन पावलं डावीकडे सरकले. तरी खांदा येतच होता. आणखी थोडे सरकले, पार कुंपणाला टेकले. सावली पूर्ण बाहेर गेल्याची खात्री केली आणि मग फोटो काढला.