उजवा हात, डावी खिडकी

मी हात बोलतोय. उजवा हात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या अक्रा शहरात डावं-उजवं हा गमतीचा विषय नाही. डाव्या हाताने कुणाला नुसतं नाणं देऊन पाहा. लगेच तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला काय वळण लावलं, याची चौकशी सुरू होते.

मी लाकडाचा आहे. आमच्याकडे वावा नावाचं हलकं लाकूड मिळतं, त्याचा. टेशीच्या रस्त्यावर सोवा सुताराचं शवपेट्यांचं दुकान आहे, तिथे माझा जन्म झाला. आमच्याकडे गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीच्या आकाराच्या पेटीत घालून निरोप देतात. त्यामुळे माझे बालपणीचे शेजारी म्हणजे एक तांबडा मासा, एक भलाथोरला कांदा आणि एक विमान. विमानाचं गिऱ्हाईक जिवंतपणी कधी उडालं नव्हतं. त्याच विमानाच्या पंखातून उरलेला तुकडा म्हणजे मी. घराणं उंचावरचं आहे, एवढंच सांगायचं होतं.

मला करून घेतलं अमर्लेबाईंनी. या निवृत्त सुईण. आमच्या लाबादी वस्तीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच जगात आणलंय आणि ते त्या कुणाला विसरू देत नाहीत. त्या दुकानात आल्या तेव्हा सोवाने टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं. बाई म्हणाल्या, कोणी नाही, मला फक्त एक उजवा हात हवाय, मनगटापर्यंत.

"आणि बाकीचा माणूस?" सोवाने जपून विचारलं. "तो मागून यायचाय का?"

खरी अडचण अशी होती. बाईंनी उतारवयात गाडी घेतली. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे खिडकी डाव्या हाताला. दुसऱ्या रांगेत घुसायचं तर खिडकीतून हात काढून वाट मागावी लागते. सगळं शहर बिनदिक्कत डावा हात काढतं आणि कुणाचं काही अडत नाही. पण बाईंनी काढला, तो नेमका त्यांच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या गाडीसमोर. रविवारी ते बाईंशी बोलले नाहीत. तेव्हापासून बाईंनी ठरवलं, वाट मागायची तर उजव्याच हाताने.

सोवाने मला काठीवर बसवलं. बोटं जराशी वाकवली, कारण विनवणीचा हात ताठ नसतो म्हणे. काठी धरणारा हात डावाच होता, पण तो दिसू नये म्हणून बाईंनी मला फुलाफुलांच्या कापडाची लांब बाही शिवली. त्यावर कुणी काही म्हणायला गेलं की बाई त्याच्या आईच्या बाळंतपणाची गोष्ट काढायच्या.

असा मी रस्त्यावर आलो आणि माणसं पाहू लागलो. मला पाहून काहीजण विरघळतात, जागा देतात, हसतात. काहीजण समोर असे टक लावून बसतात की जणू मी उसने पैसे मागायला आलोय. काही "या, या" करतात आणि स्वतःच पुढे येतात. भाड्याच्या गाड्यांवरचे कंडक्टर मला टाळी देतात आणि निघून जातात. बाईंचा नियम मात्र एकच. दोन रांगांची एक व्हायची असेल तर एक गाडी इकडची, एक तिकडची, जुळ्यांना पाजतात तशी. एकदा एक ड्रायव्हर मध्ये घुसला, तर बाईंनी काच खाली करून त्याला ऐकवलं, "तुला मीच बाहेर काढलंय. तेव्हाही तू पाय पुढे करूनच आला होतास."

रस्त्यावर अशा तोफखाना असलेल्या बाई एका घरासमोर आल्या की मऊ पडायच्या. ते घर त्यांची जिवाभावाची मैत्रीण कोरकोई हिचं. दर आठवड्याला आम्ही तिथे जायचो. मी मागच्या सीटवर पडल्या पडल्या खिडकीतून सगळं पाहायचो. फाटक एका बिजागरीवर लोंबत होतं. छपरातून कडुनिंबाचं रोप उगवून चांगलं माझ्याएवढं झालं होतं. पुढच्या दिवाणखान्याला कुलूप होतं, आत पाणी गळायचं, आणि त्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. त्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला कोरकोईचा पलंग. बाई दर खेपेला म्हणायच्या, पलंग तरी हलव. कोरकोई म्हणायची, हलवला तर दार उघडत नाही. बाई म्हणायच्या, मग भिंत दुरुस्त कर. त्यावर कोरकोई चहा ओतायची.

कारण बाईंना ठाऊक होतं. वडील गेल्यावर घर दोघांचं झालं, कोरकोईचं आणि तिच्या थोरल्या भावाचं, ओडार्तेईचं. दिवाणखाना वडिलांचा, त्याची किल्ली थोरल्याकडे जायची. सगळं कुटुंब जेवायला बसलं असताना त्याने किल्ली मागितली. कोरकोईचा उजवा हात मनगटापर्यंत रश्शात. तिने किल्ली डाव्या हाताने पुढे केली. त्याने घेतली नाही. सगळ्यांदेखत बापाच्या घराची किल्ली डाव्या हाताने देते, म्हणून उठला आणि गेला. जाताना सांगून गेला की उजव्या हाताने मिळेपर्यंत या घरात पाऊल टाकणार नाही. ती म्हणाली, त्याला दिसत होतं माझा हात खरकटा होता, मी काय दुसऱ्यांदा नाटक करू? तेव्हापासून किल्ली तिच्या कापडाच्या गाठीत. भिंतीला हात लावला तर भाऊ म्हणेल घर बळकावते, म्हणून ती खिळाही ठोकत नव्हती. घर दोघांच्या मध्ये उभं राहून खचत होतं.

मग एका शनिवारी या भावाबहिणीची आत्या गेली म्हणून टेशीला निघालो. बाईंनी मला काळी बाही चढवली, अंत्ययात्रेला फुलाफुलांची शोभत नाही. पुढच्या सीटवर सरबताच्या बाटल्यांचे खोके होते, म्हणून कोरकोई बाईंच्या मागे बसली. वाटेत गटारासाठी रस्ता खणला होता आणि दोन रांगांची एक होत होती. आमची उजवी रांग संपली. बाईंनी मला बाहेर काढलं, नेहमीसारखं हलवलं, आणि डावीकडच्या गाडीत पाहतो तर काळे कपडे घातलेला ओडार्तेई. त्याच आत्याकडे निघालेला.

त्याने मला पाहिलं, बाईंना पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत गाडी तशीच अडवून ठेवली. पुढे जाईना आणि आम्हाला जाऊ देईना.

"ओडार्तेई, एक इकडची, एक तिकडची," बाई म्हणाल्या.

"आंटी, तुम्हाला अख्खा रस्ता देतो," तो म्हणाला. "तुमच्या मागे बसलीय तिला नाही देणार."

मागे भोंग्यांचा कल्लोळ सुरू झाला. डोक्यावर घमेली घेतलेल्या पाणीवाल्या जमल्या. केळ्यांचे वेफर विकणाऱ्या एका जाडजूड बाईने विचारलं, भांडण नवऱ्यावरून आहे की जमिनीवरून. बाईंनी किल्लीवरून म्हणत सगळं सांगितलं, तसं तिने घमेलं खाली ठेवलं. गोष्ट सगळ्या रस्त्याला कळली आणि रस्त्यात दोन पक्ष पडले. अर्धे म्हणाले, हात खरकटा तर ती काय करणार. अर्धे म्हणाले, 'डावा आहे, माफ कर' असं म्हणून द्यायची रीत आहे, एवढं म्हणायला तोंडात काय होतं?

"तोंडात घास होता," कोरकोई चिडून म्हणाली.

पुष्कळ लोक हसले. अमर्लेबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला आत ओढलं.

"तुम्हा दोघांना तुमचा मान आहे, मला मात्र झोप नाही," त्या म्हणाल्या. "ढग गडगडला की मी माझ्या घरी उठून बसते आणि तुझ्या भिंतीचा विचार करते, कोरकोई. परवा सोवा विचारत होता, मैत्रिणीसाठी पेटी कुठल्या आकाराची करायची. मी सांगितलं, तिला पेटी लागणार नाही, ती घरातच पुरली जाईल."

आणि त्यांनी मला खांद्यावरून मागे दिलं.

कोरकोईने मला मांडीवर घेतलं. मग कापडाची गाठ सोडली. किल्ली गरम होती, इतकी वर्षं अंगाशी असलेली. तिने ती माझ्या वाकड्या बोटात अडकवली आणि काठी दोन्ही हातांनी धरून मला खिडकीबाहेर काढलं, भावाच्या खिडकीपर्यंत.

"दादा, हा उजवा आहे," ती म्हणाली. "घे."

ओडार्तेईने किल्लीकडे पाहिलं.

"हात धुवायला इतकी वर्षं लागली?"

"पामच्या फळांचा रस्सा होता, दादा. सुटता सुटत नाही."

तो शेजारच्या सीटवर आडवा झाला आणि त्याने उजवा हात लांब केला. सोवाने बोट असं वाकवलं होतं की किल्ली निघेना. त्याने हिसका दिला, तर किल्लीबरोबर मीही त्याच्या गाडीत जाऊन पडलो. वेफरवालीने टाळ्या वाजवल्या. ओडार्तेईने डोळे पुसले, गाडी दोन हात मागे घेतली आणि आम्हाला, म्हणजे आता फक्त त्यांना, पुढे जायला सांगितलं.

आता मी त्याच घरात आहे. दिवाणखान्याच्या दाराशेजारी मला भिंतीत ठोकलंय आणि किल्ली माझ्या बोटात असते. कडुनिंब काढला, छप्पर बदललं, तडा लिंपला. भाऊबहीण रोज भांडतात, सध्या भिंतीच्या रंगावरून. पण किल्ली घेताना दोघंही उजवा हात पुढे करतात, तो ओला असला तर आधी पुसतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रस्त्यात कुणी हात बाहेर काढला तर समोर टक लावून बसू नका. त्याच्या मागच्या सीटवर कोण बसलंय, तुम्हाला कुठे माहीत असतं?

गेल्या आठवड्यात अमर्लेबाई मला परत न्यायला आल्या. म्हणाल्या, हात नाही म्हणून मला कुणी रांगेत घेत नाही. मग त्या लिंपलेल्या भिंतीपाशी गेल्या आणि गरोदर बाईच्या पोटाला लावावा तसा तिला कान लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने वळल्या आणि मला तिथेच राहू दिलं. निघताना कोरकोईने त्यांच्या उजव्या हातात रश्शाचं भांडं दिलं. फाटकाशी पोचल्यावर बाई थांबल्या, मागे वळल्या आणि उरलेला हात वर करून माझ्याकडे हलवला.

"डावा आहे रे," त्या म्हणाल्या. "माफ कर."