निकालाआधीचा फोटो

टक्.

इस्त्रीचा लाल दिवा विझला आणि दुपारच्या निपचित घरात तेवढ्याशा आवाजानं निशिगंधा दचकली. समोर शाळेतून आणलेले दोन काळे गाऊन पसरले होते. एक खुशीचा, उशीच्या अभ्र्याहून थोडा मोठा. दुसरा तिच्यासाठी. उद्या शाळेत बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या लेकरांचा पदवीदान समारंभ होता. ज्या आया पदवीधर आहेत त्यांनी गाऊन घालून मंचावर यायचं आणि आपल्या लेकराला आपल्या हातानं प्रमाणपत्र द्यायचं, असं मोठ्या मॅडमनी ठरवलं होतं.

"गंमत आहे बुवा," सासरे वामनराव पेपर बाजूला ठेवत म्हणाले. "आमची पदवी पोस्टानं आली. पोस्टमननं पेढे मागितले, तोच आमचा समारंभ. आता विद्यापीठवाले गाऊन टाकून उपरणं घेऊन राह्यले, अन् गाऊन आला बालवाडीत!" मग भिंतीकडे बोट करत म्हणाले, "आपल्या घरात गाऊनातला फोटो एकट्या सूनबाईचा."

निशिगंधा खाली वाकून गाऊनवर इस्त्री फिरवू लागली.

तो फोटो मारेगावच्या स्टुडिओतला. तिथं खिळ्याला एक गाऊन टांगलेला असायचा आणि हातात धरायला लाल फितीची एक गुंडाळी. आत कोरा कागद. निकाल लागला की पोरी तिथं जात. निशिगंधा निकालाआधीच गेली, कारण नेरहून पाहुणे बघायला येणार होते. "पास तं तू होशीनच," तिचे वडील नागोराव म्हणाले होते, "आताच काढून घेऊ." पाहुण्यांना फोटो आवडला, साखरपुडा झाला, आणि पंधरा दिवसांनी निकाल लागला. अर्थशास्त्रात नापास.

"कोनाले सांगू नको," नागोराव म्हणाले. "लग्न झाल्यावर पेपर देजो."

पेपर आला तेव्हा खुशी पोटात होती. मग पुढच्या वर्षी देऊ, मग त्याच्या पुढच्या, असं करत तो राहूनच गेला. नवऱ्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. सलील इतका साधा माणूस, रागावलाही नसता. पण घरात सगळं छान चाललेलं असलं की सांगवत नसे, आणि बिनसलेलं असलं की मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी मंडपात मॅडमनी आयांना हाक मारली. निशिगंधाच्या शेजारच्या खुर्चीवरची सोनीबाई, नयनची आई, जागची हलली नाही.

"या ना, नयनची आई."

"मी कायले येऊ, मॅडम? मी दहावीतच दोनदा नापास झालो," सोनीबाई खळखळून हसली. "नयनले तुमीच द्या. मी इथून अशा टाळ्या वाजवतो, का तुमचे कान बसतीन!"

सगळा मंडप हसला. त्या हसण्यात निशिगंधालाही बोलता आलं असतं. 'मीपण नाही येत, मॅडम.' चार शब्द. तिनं तोंडही उघडलं. पण पुढच्या रांगेत वामनराव मोबाईल उभा धरून बसले होते, आणि मंचाच्या पायरीवर अडखळलेली खुशी मागं वळून हात पुढं करत होती.

ती उठली.

माइकवर तिचं नाव आलं, पुढं 'बी. ए.' आलं. तिनं खुशीच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं. सगळ्यांत मोठ्या टाळ्या सोनीबाईच्या होत्या, अगदी मनापासून वाजवलेल्या, आणि त्या ऐकताना निशिगंधाला आपल्या कानाच्या पाळ्या चटचट भाजल्यासारख्या वाटल्या. खाली आल्यावर सोनीबाई म्हणाली, "लय छान दिसली वं तू."

घरी आल्यावर खुशी गाऊन काढेना. निशिगंधा तिच्या मानेमागची गाठ सोडू लागली. लेकीच्या मानेला घामाचा, पावडरचा वास येत होता. वामनराव सोफ्यावर बसून व्हिडिओ पुन्हापुन्हा बघत होते.

"आई, मले डिग्री तू देल्ली ना?"

"हो गं माझी बाई."

खुशीनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. वामनरावांनीही हसत मान वर केली.

"मंग तुले कोनं देल्ली?"