रिकाम्या डब्यांचे वाण

आमच्या कारखान्यातून कोणता जिन्नस निघावा, हे तीस वर्षे मी ठरवीत आले. बरकतपुऱ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. कागदोपत्री मालक माझा मुलगा एकनाथ. पण माझ्या जिभेने होकार दिल्यावाचून तेथून चिमूटभर तिखटही बाहेर गेलेले नाही.

सन १९९३ च्या जानेवारीत एकनाथ नामपल्लीच्या प्रदर्शनातून परतला तो तरंगतच. बाजार खुला झाला होता आणि त्याबरोबर त्याचे डोकेही. प्रदर्शनात कोणी एक गृहस्थ उकळत्या पाण्यात टोमॅटोची पूड कालवून देत होते आणि लोक ती रांगा लावून पीत होते. आता सारे जग सूप पिणार, आपणही सूपची पूड काढावी, असे त्याने जाहीर केले. जगाला ताप आला असेल, असे मी म्हटले.

माझ्या मनात मेतकूट होते. माझ्या मेतकुटाचा लौकिक शेजारच्या चिक्कडपल्लीपर्यंत आहे, हे येथे केवळ माहितीसाठी नोंदविते.

तेवढ्यात केतकी बोलली. केतकी म्हणजे ओमकारची बायको, माझी नातसून. माहेर पुण्याचे, लग्नाला वर्षही झालेले नव्हते.

"आजी, आपण तयार फोडणी काढू या. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, सगळं तेलात तडतडवून डबीत भरायचं. चमचाभर वरणावर घातली की झालं."

उद्या तयार भूकही विकशील काय, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "विकली जाईल का, ते आधी लोकांना विचारू. करून बसल्यावर विचारण्यात काय अर्थ?"

मुलगी उद्धट होती, पण बोलणे बरोबर होते. आमची माणसे मोजकी, डब्या भरण्याचे यंत्र एकच. एका वेळी एकच नवा जिन्नस झेपणार होता. तेव्हा मी नियम घातला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचेचाळीस बायका येतात. सर्वांना स्टीलची डबी वाण म्हणून द्यावी. पंधरा डब्यांवर सूप, पंधरांवर मेतकूट, पंधरांवर फोडणी, असे कागद चिकटवावेत. आत जिन्नस नाही, फक्त चिठ्ठी: 'जिन्नस अजून तयार नाही. हवा असल्यास आठ दिवसांत डबी परत आणून द्यावी.' ज्याच्या डब्या अधिक परत येतील त्याचा जिन्नस निघेल, आणि यापुढे नव्या जिनसांचा निर्णयही तोच करील. शेवटची अट मी अत्यंत उदार मनाने घातली, कारण मी हरण्याचा प्रश्नच नव्हता.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच सकाळी पहिली डबी आली, मेतकुटाची. दुपारी आणखी दोन. डबी आणणाऱ्या बाईसमोर ती उघडून पाहणे आमच्यात असभ्य मानतात; म्हणून मी ती हसतमुखाने घेई आणि फळीवर मांडून ठेवी. डब्या हाताला जड लागत होत्या, पण विजयाच्या भरात मला ते वजन कळले नाही. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात आरतीची चाल गुणगुणताना पकडले गेले. एकनाथच्या सूपची एकही डबी येईना. त्यांत कोणी टाचण्या ठेवल्या, कोणी सुपारी.

फोडणीच्या डब्या मागल्या दाराने येत. आणणारी प्रत्येकजण डबी पदराआड धरून केतकीच्या कानाशी लागे. कोणाला आपल्या भावजयीसाठी हवी होती, कोणाला शेजारणीसाठी. ज्यांच्या वरणाच्या फोडणीचे मी चाळीस वर्षे कौतुक केले, त्या एका बाईंना तर ती म्हणे आजारी बहिणीसाठी हवी होती. त्यांना बहीण नाही.

आठव्या दिवशी एकनाथने मोजणी केली. मेतकूट अकरा, फोडणी नऊ, सूप शून्य. "आई, जिंकलात तुम्ही," असे म्हणून त्याने पेढ्यांचा पुडा सोडला.

मी ऐटीत पहिली डबी उघडली. आत मेतकूट होते. दुसरीत मेतकूट, तिसरीतही मेतकूट. डबी कोणाच्याही घरी रिकामी परत करायची नाही, ही आमची रीत चिठ्ठी लिहिताना मी साफ विसरले होते. तरी मला काही उलगडेना, तोच बाराव्या डबीसह शेजारच्या कुसुमताई आल्या.

"काकू, उशीर झाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंत ना, जिन्नस तयार नाही. आम्ही म्हटलं, वय झालं, आता दळायला, भाजायला होत नसेल तुमच्याच्यानं. मग सगळ्यांनी घराघरातलं थोडं थोडं धाडलं. संकोच करू नका."

त्या गेल्या. मी सर्व डब्या चाखल्या. त्यांपैकी तीन माझ्यापेक्षा सरस होत्या. कोणाच्या, ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. मग फोडणीच्या डब्या उघडल्या. त्या नऊंमध्ये फक्त साखरेची चिमूट होती. रिकामी पाठवायची नाही म्हणून साखर. आत भरायला फोडणी मात्र कोणाकडेच नव्हती.

एकनाथ तेव्हा दारात पेढे वाटीत होता. आकडा माझ्या बाजूचा होता, आता तर बारा झाला होता, आणि डब्यांचे पोट मी आणि केतकीनेच पाहिले होते. केतकी माझ्याकडे पाहत उभी होती. मी तिच्याकडे पाहिले आणि मला हसू फुटले. असे फुटले की चष्मा मेतकुटात पडला.

"एकनाथ," मी हाक मारली, "ते पेढे आत आण. मेतकूट नाही असं एक घर मला शोधून दे, मग मी जिंकले म्हण. बारा घरांनी कळवलंय की आम्हांला तुमचं नको. फोडणी काढायची. आणि यापुढे ठरवील ती केतकी."

केतकीने दोन्ही हातांनी तोंड दाबले. पण हसू बोटांच्या फटींतून सांडतच होते. मग तिने पदर खोचला आणि आपला पहिला निर्णय दिला: कढईशी आजींनी उभे राहायचे. वेळ ती मोजणार, वही ती लिहिणार.

दुसऱ्या दिवशी शेडमधली मोठी कढई चढली. हिंगाचा पहिला लोट उठताच गल्ली शिंकू लागली. एकनाथ शिंकत होता, कुसुमताई भिंतीपलीकडून शिंकत होत्या. मोहरी छपरापर्यंत उडत होती. मी झारा हाती घेऊन उभी होते, आणि माझ्या सर्व अनुभवाप्रमाणे कढई उतरविण्याची वेळ झाली होती.

"केतकी," मी विचारले, "उतरवू का गं?"

तिने घड्याळाकडे पाहिले. "थांबा आजी. अजून दहा सेकंद."

मी थांबले.